नाताळचा बाजार : वीटभट्टीवरच्या मुलांसाठी (प्रकल्प नोंदी, २०२४)

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधली उपासना) शाळेच्या वर्गात आमच्या गटाची बैठक. १ डिसेंबरला आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, सुरू होतोय. नाताळपर्यंत हाताशी जेमतेम सहा आठवडे. विषय नेहमीचाच, वसई पूर्वेच्या वीटभट्ट्यांवरच्या मुलांना नाताळची भेट. रीतही ठरलेली : टेम्पो, बॅनर, मुलांची रांग, प्रत्येकाच्या हातात एकसारखी पिशवी आणि शेवटी सगळ्यांचा फोटो.

भट्टीवर अभ्यासवर्ग घेणाऱ्या सिस्टर आज मुद्दाम आल्या होत्या. चहा संपेपर्यंत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पिशव्या येतात हो. डिसेंबरात एकेका पोराकडे तीन-तीन कंपासपेट्या जमतात. पण वाटप चालू असतं तेव्हा त्याची आई कुठे उभी असते, बघितलंय कुणी?"

कुणी काही बोललं नाही. आई मागे उभी असते. हातावरचा गारा वाळलेला असतो आणि तिच्या पोराला कुणीतरी परकं माणूस खेळणं देत असतं, ते ती बघते.

सिस्टरांची सूचना अशी : वाटप करू नका, बाजार मांडा. मुलांना बाजूच्या शेतात खेळायला न्या. तेवढ्या वेळात आईबापांनी यावं, वस्तू हाताळाव्यात, आपल्या पोराला काय आवडेल ते निवडावं आणि घरी नेऊन आपल्या हाताने द्यावं. देणारे ते, आम्ही फक्त मांडणारे.

बराच खल झाला. "मग मुलांचा आनंद आपल्याला दिसणार कसा?" असा प्रश्न एका ज्येष्ठांनी विचारला. प्रामाणिक प्रश्न होता, म्हणून इथे लिहून ठेवतो. शेवटी बाजारच मांडायचा ठरला. बॅनर नाही, मुलांचे फोटो नाहीत.

१७ नोव्हेंबर, रविवार

पारोळ-उसगावच्या पट्ट्यातल्या दोन भट्ट्या पाहून आलो. नव्या माणसांसाठी थोडं लिहितो. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची वारली आणि कातकरी कुटुंबं इकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. ती फेडायला हंगामभर विटा पाडायच्या. दर आठवड्याला बाजारहाटासाठी मिळते ती खर्ची. खर्ची, उचल, मध्ये घेतलेलं औषधपाणी, सगळं वहीत चढतं आणि हिशोब हंगाम संपताना होतो. राहायला भोंगा, म्हणजे कच्च्या विटा रचून वर गवत नाहीतर प्लास्टिक टाकलेलं खोपट. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने याच भागात भट्ट्यांवर शाळा चालवल्या, त्यांना 'भोंगा शाळा' हे नाव पडलं ते यावरूनच.

काम पहाटे, खरं तर मध्यरात्रीनंतरच सुरू होतं. ऊन चढायच्या आत जेवढ्या विटा पडतील तेवढ्या पाडायच्या. नवराबायको साच्यावर, आणि आठ-नऊ वर्षांचं पोर धाकट्याला कडेवर घेऊन फिरतंय. दुपारनंतर जरा उसंत. म्हणून बाजार दुपारी तीननंतरच.

काही भोंगे अजून रिकामे आहेत. २० तारखेला विधानसभेचं मतदान आहे, ते उरकून उरलेली माणसं येतील.

मतदानाचा आमच्याही कामाशी संबंध आहे. आचारसंहितेत नाक्यावर गाड्या तपासतात. टेम्पोत पन्नास ब्लँकेटं आणि खेळणी सापडली तर ती येशूबाळाच्या नावाने आहेत हे पथकाला पटवत बसावं लागेल. निकाल २३ला. तोवर खरेदी नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. रांगेतच दोन देणगीदार भेटले. एका काकांचा प्रश्न, ८०जी (देणगीवरची आयकर वजावट) मिळेल का? नाही. आमचा गट नोंदणीकृत न्यास नाही, त्यामुळे पावती साधी. पुढे पुन्हापुन्हा सांगावं लागू नये म्हणून लिहितो (नियम २०२४चे) : वस्तुरूप दानाला ८०जीची वजावट कुठेच मिळत नाही, रोख दिलेत तर २,००० रुपयांपर्यंतच, आणि नव्या करप्रणालीत गेला असाल तर ही वजावटच नाही. काकांनी शांतपणे ऐकलं आणि पाच हजार दिले.

२४ नोव्हेंबर, रविवार

ख्रिस्तराजाचा सण. त्यामुळे मिस्साला गर्दी, आणि आवाहन करायला फादरांनी दोन मिनिटं दिली.

अमेरिकेतल्या एका मावसभावाने कल्पना कळवली होती. तिकडे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचे लोक नाताळच्या झाडाला चिठ्ठ्या लावतात, प्रत्येक चिठ्ठीवर एका मुलाची गरज. एखाद्याने चिठ्ठी काढायची आणि ती वस्तू आणून द्यायची. १९७९ साली व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला ही रीत सुरू झाली. आम्ही ती घेतली, पण मुलाचं नाव काढून टाकलं. चिठ्ठीवर फक्त वस्तू : 'सँडल, १७ सेंमी', 'रबरी चेंडू, क्रिकेटचा', 'पातळ ब्लँकेट नको, जाड हवं'. वस्तू बाजारात जाणार, अमुक मुलाला नाही. नावाची चिठ्ठी हातात आली की माणसाला वाटतं आपण पोर दत्तक घेतलं. मग तो भेटायला मागतो.

देवळाच्या आवारातल्या आंब्याला चिठ्ठ्या लावल्या. दुपारपर्यंत निम्म्या गेल्या. खेळण्यांच्या आधी गेल्या, ब्लँकेटच्या राहिल्या.

१ डिसेंबर, रविवार

वर्गात वस्तूंचा ढीग. निवडायला बसलो ते संध्याकाळ झाली.

आलेल्यांपैकी काही गोष्टी : सेल गळून हिरवट झालेला रोबो, एका हाताची बाहुली, निम्मे तुकडे हरवलेलं कोडं, पाठीवर कुणाचं तरी नाव छापलेली फुटबॉलची जर्सी, पहिल्या कम्युनियनचा (चर्चमधल्या विधीचा) सॅटिनचा झगा आणि एक थ्री-पीस सूट. सूट कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं, कारण लग्नाच्या फोटोत तो होता. भट्टीवर तो कोण घालणार आणि कधी, हा प्रश्न देणाऱ्याला पडला नसावा. नाताळच्या साफसफाईत कपाट मोकळं होतं आणि पुण्यही पदरात पडतं, असा हा दुहेरी व्यवहार.

ठरवलेले नियम : जे आपल्या पुतण्याला देणार नाही ते मांडायचं नाही. बटन सेलची खेळणी बंद, तो चपटा सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका जळते आणि भट्टीवरून दवाखाना लांब. तीन वर्षांखालच्यांच्या टेबलावर सुटे तुकडे असलेलं काहीही नको. नवीन खेळणी आयएसआय शिक्का बघूनच घ्यायची. १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे, तरी रस्त्यावर बिनशिक्क्याची खेळणी हवी तेवढी मिळतात.

६ डिसेंबर, शुक्रवार

संत निकोलसचा सण, म्हणजे मुलांच्या नाताळबाबाचं मूळ. चौथ्या शतकातला मायराचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला. दंतकथा अशी की एका गरीब बापाला तीन मुलींच्या हुंड्याला पैसे नव्हते, तर निकोलसने रात्रीच्या अंधारात त्याच्या खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. अंधारात का, तर बापाची मान खाली जाऊ नये म्हणून. आम्ही त्याला लाल डगला चढवला आणि भर दुपारी टेम्पोवर उभा केला.

गटातल्या एका मुलाने सांताचा पोशाख भाड्याने ठरवलाही होता. त्याला समजावलं. तो खट्टू झाला, पण शेतातल्या खेळांची सगळी जबाबदारी आता त्याच्याकडे आहे.

माणसं कमी पडताहेत. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन चालू आहे, ५ जानेवारीपर्यंत. दहा वर्षांनी येणारा योग, त्यामुळे गावोगावच्या बसगाड्या तिकडे लागल्यात. तक्रार नाही. मलाही जायचंय.

८ डिसेंबर, रविवार

आजचं काम पायांचं.

चपलांचे नंबर विचारून उपयोग नाही, कुणालाच माहीत नसतात. वय विचारून अंदाज बांधावा तर सात वर्षांच्या मुलाची उंची पाच वर्षांच्याएवढी. म्हणून जुने पेपर आणि सुताराची जाड पेन्सिल घेऊन गेलो. पोर पेपरवर उभं राहतं, पायाभोवती रेघ मारायची, कडेला वय आणि खूण लिहायची. पहिल्या पोराला गुदगुल्या झाल्या, ते हसलं, आणि मग रांग लावावी लागली नाही. सगळी आपोआप आली. एकाने दोन्ही पाय काढून घेतले, वर हातही काढायला लावला.

घरी येऊन रेघा मोजल्या. जन्मापासून अनवाणी वाढलेला पाय पुढे पसरट असतो, बोटं एकमेकांपासून सुटलेली, अंगठा बाहेर. बंद बूट अशा पायाला चावतो. कॅनव्हासचे बूट घ्यायचा बेत रद्द. मागे पट्टा असलेले सँडल, वेल्क्रोचे, मापापेक्षा एक नंबर मोठे. वेल्क्रोत माती भरते हे खरं, पण बक्कल लहान मुलाला लावता येत नाही.

मुकादम सगळा वेळ बाजूला उभा होता. निघताना त्याने विचारलं, "प्रार्थना वगैरे घेणार का?" प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळ दिलं. प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, बायबल नाही, झगा घातलेले फादरही नाहीत. दिवाळीला शेजारच्या घरून आमच्याकडे फराळाचं ताट येतं, नाताळला आमचं ताट त्यांच्याकडे जातं. वसईत हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तेच ताट आता नदीपलीकडे न्यायचं. ही मुलं त्यांच्या देवांची, वाघोबाची, हिरव्याची. त्यांनी तसंच राहावं. मुकादमाला कितपत पटलं कोण जाणे, पण तारीख मिळाली. २२ तारीख, रविवार, खर्चीचा दिवस, दुपारनंतर काम बंद.

आज ७१ पाय नोंदले. (एकेक पायच काढला, म्हणजे ७१ मुलं.)

१० डिसेंबर, मंगळवार

थंडी एकदम पडली. ब्लँकेटच्या चिठ्ठ्या अजून झाडावरच आहेत. रात्री गटावर एक ओळ टाकली : भोंग्याला दार नसतं. सकाळपर्यंत वीस ब्लँकेटांचे पैसे जमा.

१४ डिसेंबर, शनिवार

क्रॉफर्ड मार्केट. सकाळची चर्चगेट लोकल पकडून मरीन लाइन्सला उतरलो, तिथून चालत. नाताळच्या तोंडावरचा शनिवार, तेव्हा मुंगीला शिरायला जागा नाही. सँडल एका गाळ्यावर घाऊक भावात १६० रुपये जोडी पडले. दुकानदाराला पेपरवरची मापं दाखवली तर त्याने चष्मा लावून एकेक बघितलं, दोन मापं आपल्याकडची काढून ठेवली आणि म्हणाला की या नंबरात पट्टा आखूड येतो, वरचा घ्या. त्याला नको तिथे आमचं कौतुक करावंसं वाटलं नाही, हे विशेष आवडलं.

खेळण्यांत निवडीला वाव हवा, म्हणून मुलांच्या संख्येपेक्षा जास्त घेतली : चेंडू, बॅटी, केस विंचरता येतील अशा बाहुल्या, ओढायचे ट्रक, भातुकली, दोरीउड्या, लगोऱ्या. बॅटरीवरचं जवळजवळ काही नाही. सेल संपला की दुसरा कोण आणणार?

पोती घेऊन येताना मालडबा. वसईच्या भाजीवाल्या मावश्या रिकाम्या टोपल्या घेऊन परतत होत्या. त्यांनी जागा करून दिली आणि वसई रोडपर्यंत बाहुल्यांच्या भावावर चर्चा केली. एकीने आम्ही फसलो असं ठामपणे सांगितलं.

१८ डिसेंबर, बुधवार

फराळ. चार घरांत मिळून करंज्या, कलकल आणि नानकटाया. केकमध्ये रम नको, टुटीफ्रुटीच. ओल्या नारळाच्या करंज्या दोन दिवसांत आंबतात, म्हणून सारण सुक्या खोबऱ्याचं. एका आजींनी सुकेळी पाठवली, घरच्या राजेळी केळ्यांची, पानात बांधलेली. आजच्या भावात ती फार मोठी देणगी आहे, पण त्यांना तसं म्हटलेलं आवडलं नसतं.

किंमत लावायची का, यावर आज वाद झाला. एक बाजू म्हणे, दहा रुपये तरी घ्या, फुकट घेताना माणूस संकोचतो, विकत घेताना निवडतो. मला हे पटत आलं होतं. तेवढ्यात भट्टीच्या शेठचा फोन, सहज बोलण्यात म्हणाले, "सगळ्यांचे दहा-दहा मी टाकतो की. मागून खर्चीतून कापून घेईन." वाद तिथेच मिटला. एक पैसाही घ्यायचा नाही.

२२ डिसेंबर, रविवार

हायवेवर काँक्रीटच्या कामामुळे तासभर अडकलो. पोचलो तेव्हा पोरं वाटेवर येऊन थांबली होती. त्यांना घेऊन खेळवाले शेतात गेले. अभ्यासवर्गाच्या खोलीत टेबलं मांडली : वयाप्रमाणे तीन खेळण्यांची, एक सँडलचं मापानुसार, एक ब्लँकेटचं. दाराशी सिस्टर.

पहिला पाव तास कुणी आत येईना. बायका दाराशी घोळक्याने उभ्या, पुरुष त्यांच्या मागे विडी ओढत. शेवटी एक जण आत आली, तान्हं झोळीत. बाहुली उचलली, उलटी करून पाहिली, केस बोटांनी विंचरले, परत ठेवली. भातुकली उचलली, ठेवली. मग पुन्हा बाहुली. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "ताई, हे वहीत चढंल का?"

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीला प्रश्न कळला नाही. सिस्टरांना कळला. त्या म्हणाल्या, "नाही चढणार. वही शेठकडे असते, आमच्याकडे नाही." तिने दोनदा खात्री करून घेतली. मग बाहेर वळून तिच्या बोलीत काहीतरी सांगितलं, आणि खोली भरली.

वाटपात आजवर कुणी हा प्रश्न विचारला नाही, कारण पिशवी मुलाच्या हातात जायची. आई मागे उभी राहून मनात हिशोब करत असेल का, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

निवडायला वेळ लागला, आणि तो लागला हेच छान झालं. एका बापाने तीन बॅटी हातात धरून हवेत फिरवून पाहिल्या. दोघा नवराबायकोचं ट्रकवरून जुंपलं. तिचं म्हणणं मोठ्याला ट्रक नको, दप्तर हवं. दप्तरं आम्ही आणलीच नव्हती, सिस्टरांनी वर्गातलं एक काढून दिलं. मग त्या माउलीशी बराच वेळ बोलणं झालं. मुलगा गावी चौथीत आहे. येताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळायला हवं होतं, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसता येतं. ते घेतलेलं नाही. असं कार्ड असतं हे तिला माहीतच नव्हतं. अशी आणखी अकरा मुलं निघाली.

आता लपवायचं कुठे? भोंग्यात कपाट नाही, पेटी असली तर तिच्यात सगळंच. एकाने बाहुली तांदळाच्या डब्यात खुपसली. एकाने चेंडू आणि सँडल वाळत रचलेल्या कच्च्या विटांच्या ओळीत आत सरकवले आणि वरून दोन विटा लावल्या. कुठली ओळ ते लक्षात राहील ना, असं मी विचारलं, तर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढे बोललो नाही. सगळ्या विटा त्यानेच पाडलेल्या.

पंचवीस तारखेपर्यंत थांबायची सक्ती अर्थातच नव्हती. अंधार पडायच्या आत निम्म्या पोरांच्या पायात सँडल होते. शेतातून परतलेली पोरं आपापल्या भोंग्याकडे पळाली आणि आमच्याकडे कुणी फिरकलंही नाही. फराळाची ताटं प्रत्येक भोंग्यावर पोचवली. एका म्हातारीने ताट रिकामं परत करायचं नसतं म्हणून त्यात मूठभर वालाच्या शेंगा घातल्या.

पहिल्या बैठकीत प्रश्न विचारणारे ज्येष्ठ काका परतीच्या वाटेवर गप्प होते. मग म्हणाले, "त्या बॅटवाल्याचं पोर डावखुरं आहे, म्हणून तो तेवढा वेळ बघत होता."

२५ डिसेंबर, बुधवार

मध्यरात्रीची मिस्सा, सकाळी गोठे (येशूजन्माचे देखावे) बघायला गाव पालथं. नोंद नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

सिस्टरांकडून निरोप. दोन सँडल लहान झाले, एक पट्टा उसवला. बदलून देण्याचं सामान पाठवलं. लगोऱ्यांच्या चकत्या कुणीही वापरत नाही, विटांचे तुकडे जास्त चांगले लागतात म्हणे. पुढच्या यादीतून लगोरी बाद.

५ जानेवारी २०२५, रविवार

हिशोब बैठकीत वाचून दाखवला. जमा ५८,२०० रुपये. खर्च : सँडल ११,३६०, खेळणी १२,७८०, ब्लँकेटं १३,७६०, फराळाचं सामान ९,०००, टेम्पो ४,५००. एकूण ५१,४००. शिल्लक ६,८००.

शिल्लक गोठेस्पर्धेच्या बक्षिसांना द्यावी असा एक प्रस्ताव आला, तो नामंजूर. बारा मुलांचा शाळाप्रवेश आधी. उद्या जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायचं, आणि जव्हारकडच्या त्यांच्या मूळ शाळांतून हमी कार्डं मागवायची. शाळा भट्टीपासून अडीच किलोमीटर, मध्ये हायवेची सर्व्हिस लेन. लहान मुलं एकटी जाणार नाहीत, रिक्षा लावावी लागेल. ६,८०० रुपयांत रिक्षा फेब्रुवारीअखेरपर्यंत चालेल. मार्च-एप्रिलचे पैसे कुठून आणायचे यासाठी पुढची बैठक १२ जानेवारीला, मिस्सानंतर, त्याच वर्गात. शेठना बोलवायचं नाही.